आकाशस्थ गोलांचें माप, वजन आणि घनता

दिवसा सूर्य आणि पौर्णिमेच्या रात्रीं चंद्र हे आपल्या डोळ्यांस जवळजवळ सारख्याच आकाराचे दिसतात. वस्तुतः सूर्याचा व्यास चंद्राच्या व्यासाच्या सुमारें ४०० पट आहे. परंतु सूर्य चंद्रापेक्षां सुमारें ३९० पट दूरहि आहे, म्हणून हा भेद दृष्टीस कळत नाहीं. येथें डोळा फसतो. डोळ्याची ही फसगत दूर झाली तरी बुद्धीची दुसरी एक फसगत शिल्लक राहते, आणि ती अधिक चिवट असते. ती ही कीं, जें मोठें तें जड, आणि जें अधिक मोठें तें अधिक जड. गुरूचा गॅनिमीड नांवाचा उपग्रह बुध ग्रहाहून मोठा आहे, पण वजनांत तो बुधाच्या निम्माहि भरत नाहीं. नेपच्यून युरेनसहून किंचित् लहान आहे, पण त्याहून जड आहे. आकाशांत असेहि तारे आहेत कीं, ज्यांचा आकार पृथ्वीएवढा आणि वस्तुमान सूर्याएवढें आहे. असें कां व्हावें, आणि जेथपर्यंत हात पोंचत नाहीं अशा गोलांचें वजन मनुष्यानें कोणत्या तराजूनें केलें, हें ह्या लेखांत आम्ही आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें मांडूं इच्छितों.

पायली आणि तराजू

धान्य देण्याघेण्याच्या दोन रीती आपल्याकडे पूर्वापार चालत आल्या. एक मापाची, म्हणजे पायली किंवा शेर भरून देण्याची. दुसरी वजनाची, म्हणजे तराजूंत तोलून देण्याची. पायलीभर ज्वारी भडभुंज्याकडे नेऊन तिच्या लाह्या फोडून आणाव्या, तर त्या एका पायलींत मावत नाहींत. कित्येक पायल्या भरतात. माप वाढलें, पण धान्य कांहीं वाढलें नाहीं. उलट दाण्यांतील पाण्याची वाफ होऊन गेल्यामुळें तें तराजूंत किंचित् कमीच भरेल. लाह्या मापानें विकत घेणारा आणि वजनानें विकत घेणारा ह्या दोघांच्या पदरांत काय पडेल, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे.

ह्या एका उदाहरणांत आपल्या विषयाच्या तिन्ही संज्ञा आल्या. पदार्थानें जी जागा व्यापिली तें त्याचें घनफळ. त्यांत द्रव्य किती आहे तें त्याचें वस्तुमान. आणि तें द्रव्य किती दाटीनें भरलें आहे ती त्याची घनता. वस्तुमानास घनफळानें भागिलें असतां घनता येते. पाण्याची घनता १ मानिली तर सागवानी लांकडाची सुमारें ०.७, मधाची सुमारें १.४, सह्याद्रीच्या काळ्या कातळाची सुमारें २.९, लोखंडाची ७.९ आणि सोन्याची १९.३ भरते. हे आंकडे वाचकांनीं ध्यानांत ठेवावे. पुढें आकाशांतील गोलांशीं त्यांची गांठ घालून द्यावयाची आहे.

वजन आणि वस्तुमान हीं अगदीं एक नव्हेत, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. सहा किलो तांदूळ चंद्रावर नेऊन कांट्याला टांगले, तर कांटा एकच किलो दाखवील, कारण चंद्राची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सुमारें एक षष्ठांश आहे. पण तांदळाचा दाणा एकहि कमी झालेला नसेल, आणि त्यांचा भात तितक्याच माणसांस पुरेल. जें बदललें तें वजन. जें बदललें नाहीं तें वस्तुमान. ग्रहांचें ‘वजन’ असें आम्ही पुढें म्हणूं तेथें वाचकांनीं वस्तुमान असाच अर्थ घ्यावा.

आकार

प्रथम आकाराचा विचार करूं. पृथ्वीचा व्यास सुमारें १२,७४२ किलोमीटर आहे. हे मोठाले आंकडे मनांत ठसत नाहींत. म्हणून पृथ्वी म्हणजे दोन मिलिमीटर व्यासाचा एक मोहरीचा दाणा आहे अशी कल्पना करावी. मग चंद्र हा खसखशीचा एक बारीकसा दाणा होईल, आणि तो मोहरीपासून तीन बोटांच्या अंतरावर ठेवावा लागेल. गुरु एखाद्या लहान आंवळ्याएवढा होईल. सूर्य मात्र सुमारें २२ सेंटिमीटर व्यासाचा चांगला वाटोळा भोपळा होईल, आणि तो मोहरीपासून सुमारें साडेतेवीस मीटरांवर, म्हणजे शाळेच्या अंगणाच्या दुसऱ्या टोंकास, ठेवावा लागेल.

भोपळ्याचा व्यास मोहरीच्या १०९ पट आहे. पण एवढ्या भोपळ्यांत मोहऱ्या किती मावतील? १०९ नव्हेत. दुप्पट व्यासाचा लाडू वळावयाचा असेल तर बेसन दुप्पट नव्हे, आठपट घ्यावें लागतें, कारण लाडू लांबी, रुंदी व उंची ह्या तिन्ही दिशांनीं वाढतो. त्याच न्यायानें १०९ चा घन केला पाहिजे. तो सुमारें १३ लक्ष येतो. म्हणजे सूर्याच्या घनफळांत पृथ्वीसारखे १३ लक्ष गोल भरतील. गुरूचें घनफळ पृथ्वीच्या सुमारें १,३०० पट आहे. चंद्राचा व्यास पृथ्वीच्या चतुर्थांशाहून थोडा अधिक, पण घनफळ मात्र एकूणपन्नासावा भाग. व्यास ऐकून घनफळाचा अंदाज बांधूं नये, हा ह्या भागाचा धडा आहे.

वस्तुमान

आतां कठीण भाग आला. ग्रहाला तराजूंत कसें घालावयाचें? ह्या प्रश्नाचें उत्तर न्यूटनच्या १६८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत आहे. प्रत्येक वस्तु प्रत्येक दुसऱ्या वस्तूस ओढते, आणि जिच्यांत द्रव्य अधिक तिची ओढ अधिक, हा त्याचा सिद्धान्त. तेव्हां एखादा गोल आपल्या शेजाऱ्यास किती जोरानें ओढतो हें पाहिलें कीं, त्याचें वस्तुमान कळलें. गोफणींत दगड घालून ती गरगर फिरविली तर जितका वेग अधिक तितकी हातास ओढ अधिक बसते. उपग्रह हा आकाशांतील गोफणीचा दगडच होय. दोरीच्या जागीं ग्रहाचें आकर्षण आहे एवढाच भेद. उपग्रह जितक्या वेगानें फिरत असेल तितकी त्याला आवरून धरणारी ओढ बळकट असली पाहिजे.

ह्याचें गणित शाळेंतील मुलास करतां येण्यासारखें आहे, म्हणून तें येथें करून दाखवितों. आपला चंद्र पृथ्वीपासून सरासरी ३,८४,४०० किलोमीटरांवर असून २७.३२ दिवसांत एक फेरी पुरी करितो. गॅलिलिओनें १६१० सालीं गुरूचे जे चार उपग्रह दुर्बिणींतून पाहिले, त्यांपैकीं आयो हा गुरूपासून सरासरी ४,२१,७०० किलोमीटरांवर आहे. अंतर थोडेंसेंच अधिक. पण त्याची फेरी अवघ्या १.७६९ दिवसांत पुरी होते. नियम असा आहे कीं, अंतराचा घन करून त्यास फेरीच्या काळाच्या वर्गानें भागावें; जो भागाकार येईल तो मधल्या गोलाच्या वस्तुमानाच्या प्रमाणांत असतो. दोन्ही अंतरांचें गुणोत्तर १.०९७, त्याचा घन १.३२. दोन्ही काळांचें गुणोत्तर १५.४४, त्याचा वर्ग सुमारें २३८.४. ह्या दोहोंचा गुणाकार सुमारें ३१५. म्हणजे गुरूचें वस्तुमान पृथ्वीच्या सुमारें ३१५ पट झालें. ज्योतिषी सूक्ष्म मापनानें ३१८ हें मान देतात. आपल्या उत्तरांत थोडी तूट कां राहिली? कारण आपला चंद्र स्वतःहि अगदींच हलका नाहीं. त्याचें वस्तुमान पृथ्वीच्या एक्यांशींव्या भागाइतकें आहे, आणि तोहि पृथ्वीस ओढतो. तेवढा हिशेब धरला कीं तूट बहुतेक भरून येते. एक घड्याळ, एक दुर्बीण आणि त्रैराशिकाहून थोडें अधिक गणित, एवढ्यावर गुरु तोलला गेला!

तथापि येथवर जें साधलें तें गुणोत्तर होय. गुरु पृथ्वीच्या ३१८ पट, सूर्य पृथ्वीच्या ३,३३,००० पट. पण पृथ्वी स्वतः किती? हा प्रश्न इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश यानें १७९८ सालीं सोडविला. त्याच्या उपकरणाची कल्पना जॉन मिशेल याची. पण मिशेल १७९३ सालीं वारल्यामुळें तें कॅव्हेंडिशकडे आलें. सुमारें सहा फूट लांबीची लांकडी दांडी एका बारीक तारेनें आडवी टांगलेली, तिच्या दोन्ही टोंकांस शिशाचे दोन लहान गोळे, आणि त्यांच्या शेजारीं प्रत्येकीं सुमारें १५८ किलो वजनाचे शिशाचे दोन मोठे गोळे, अशी ती रचना होती. मोठे गोळे लहान गोळ्यांना ओढीत आणि तारेस अत्यंत सूक्ष्म पीळ पडे. माणसाच्या अंगाच्या उष्णतेनें खोलींतील हवा हालली तरी प्रयोग बिघडेल, म्हणून कॅव्हेंडिश बाहेर राहून दुर्बिणींतून आंत पाही. शिशाच्या गोळ्याची ओढ आणि पृथ्वीची ओढ यांची तुलना करून त्यानें पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट असल्याचें जाहीर केलें. आज ती ५.५१ मानितात. पृथ्वीचें वस्तुमान सुमारें ६ वर २४ शून्यें इतके किलोग्रॅम आहे.

घनता

कॅव्हेंडिशच्या त्या एका आंकड्यांत मोठें मर्म होतें. पृथ्वीच्या पाठीवरचा खडक पाण्याच्या पावणेतीन ते तीन पट जड. सबंध पृथ्वी साडेपांच पट जड. मग उरलेला भार कोठें आहे? तो पोटांत असला पाहिजे. सर्वांत खोल विहीर किंवा खाण ही पृथ्वीच्या त्वचेवरचा ओरखडाहि नव्हे. तरीहि एका भागाकारावरून मनुष्यास कळलें कीं, आपल्या पायांखालीं फार खोलवर लोखंडासारखें जड द्रव्य सांठलेलें आहे. पुढें हिंदुस्थानच्या भूगर्भ-संशोधन खात्यांत काम केलेले रिचर्ड ओल्डहॅम यांनीं भूकंपाच्या लहरींचा अभ्यास करून १९०६ सालीं ह्या गाभ्याचा स्वतंत्र पुरावा दिला. गाभ्याचा व्यास पृथ्वीच्या व्यासाच्या निम्म्याहून थोडा अधिक आहे. घनता म्हणजे न उघडतां पेटींतील जिन्नस ओळखण्याची किल्ली होय.

आतां कांहीं गोलांचीं मानें एकत्र देतों. व्यास व वस्तुमान पृथ्वीच्या पटींत आणि घनता पाण्याच्या पटींत दिली आहे.

सूर्य : व्यास १०९, वस्तुमान ३,३३,०००, घनता १.४१
गुरु : व्यास ११, वस्तुमान ३१८, घनता १.३३
शनि : व्यास ९.१, वस्तुमान ९५, घनता ०.६९
युरेनस : व्यास ४.०, वस्तुमान १४.५, घनता १.२७
नेपच्यून : व्यास ३.९, वस्तुमान १७.१, घनता १.६४
पृथ्वी : व्यास १, वस्तुमान १, घनता ५.५१
शुक्र : व्यास ०.९५, वस्तुमान ०.८१५; घनता ५.२४
मंगळ : व्यास ०.५३, वस्तुमान ०.१०७, घनता (विद्यार्थ्यांनीं काढावी)
बुध : व्यास ०.३८, वस्तुमान ०.०५५, घनता ५.४३
चंद्र : व्यास ०.२७, वस्तुमान ०.०१२, घनता ३.३४

हा तक्ता केवळ पाठ करण्यासाठीं नाहीं. त्याच्याशीं बोललें तर तो उत्तरें देतो. सूर्याचें घनफळ पृथ्वीच्या १३ लक्ष पट असून वस्तुमान सव्वातीन लक्ष पटींहून थोडेंच अधिक कां? कारण सूर्य हा मुख्यत्वें हायड्रोजन व हीलियम ह्या हलक्या वायूंचा गोल आहे. त्याची सरासरी घनता मधाइतकी. शनीची घनता तर सागवानी लांकडाइतकी, म्हणजे पाण्याहूनहि कमी. एवढा विस्तीर्ण महासागर कोठें असता तर शनि त्यावर तरंगला असता, असें मौजेनें म्हणतात. चंद्राची घनता आपल्या काळ्या कातळाहून थोडीच अधिक. यावरून त्याच्या पोटांत लोखंडाचा सांठा फार अल्प असला पाहिजे हें ताडतां येतें. उलट चिमुकला बुध घनतेंत पृथ्वीच्या अगदीं पाठोपाठ आहे. पृथ्वी आपल्याच भारानें दबून अधिक दाट झाली आहे, हें ध्यानांत घेतलें तर द्रव्याच्या जडपणांत बुध तिच्यावरहि मात करील. त्याचा लोहगाभा त्याच्या व्यासाचा चार पंचमांशांहून अधिक भाग व्यापून आहे. आरंभीं सांगितलेल्या गॅनिमीडची घनता १.९४ आहे, कारण त्यांत खडकाबरोबर बर्फ पुष्कळ आहे. बर्फाचा मोठा गोळा लोखंडाच्या लहान गोळ्यापुढें हलका ठरला, एवढीच त्या कोड्याची फोड.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. वर दिलेली प्रत्येक घनता सरासरी आहे. सूर्य सबंध गोल म्हणून मधाइतका दाट. पण त्याच्या केंद्रापाशीं घनता पाण्याच्या सुमारें १५० पट, म्हणजे सोन्याच्या सातपटींहून अधिक आहे, आणि बाहेरील थर आपल्या हवेहूनहि विरळ आहेत. सरासरी सत्य सांगते, पण सर्व सत्य सांगत नाहीं.

प्लूटोची कथा

वस्तुमान कळल्यावांचून एखाद्याचा मोठेपणा ठरविणें किती धोक्याचें आहे, याचें उत्तम उदाहरण प्लूटो होय. १९३० सालीं अमेरिकेंतील लॉवेल वेधशाळेंत क्लाइड टॉम्बॉ या तरुणानें त्याचा शोध लाविला. त्याला ग्रहांच्या पंक्तींत नववें पान मिळालें, आणि तो पृथ्वीच्या तोडीचा जड असावा असा तर्क आरंभीं करण्यांत आला. पण त्याचा उपग्रह कोणासच दिसला नव्हता. म्हणजे गोफण होती, पण दगड दृष्टीस पडत नव्हता. १९७८ सालीं जेम्स क्रिस्टी यांस त्याचा शॅरन हा उपग्रह आढळला. तत्काळ हिशेब झाला, आणि प्लूटोचें वस्तुमान पृथ्वीच्या पांचशेंव्या भागाच्या आसपास भरलें. तो आपल्या चंद्राहूनहि लहान व हलका निघाला. पुढें त्याच्यासारखे आणखी गोल सांपडूं लागले, आणि २००६ सालीं ज्योतिषशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघानें त्याला बटुग्रहांच्या वर्गांत घातलें. प्लूटोचें यांत कांहींच उणें झालें नाहीं. तो पूर्वीं होता तेवढाच आहे. दुरुस्त झालें तें आपलें ज्ञान.

ताऱ्यांची टोंकें

ग्रहांची घनता पाण्याच्या पाऊण पटीपासून साडेपांच पटींपर्यंत जाते. ताऱ्यांत मात्र दोन्ही टोंकें कल्पनेपलीकडे आहेत. आर्द्रेचा तांबूस तारा सूर्याच्या कित्येक शें पट व्यासाचा आहे, पण त्याचें वस्तुमान सूर्याच्या वीस पटींच्या आंतच आहे. द्रव्य अपार जागेंत पसरल्यामुळें त्याची सरासरी घनता आपल्या हवेहून हजारों पटींनीं कमी आहे. मापाची पायली पाहून भुलावें असा हा तारा आहे.

दुसरें टोंक व्याधाच्या तेजस्वी ताऱ्यापाशीं आहे. तो आकाशांत किंचित् डुलत चालतो असें पाहून १८४४ सालीं बेसेल यानें त्याला अदृश्य सोबती असला पाहिजे असें अनुमान केलें. १८६२ सालीं अमेरिकन दुर्बीणकार क्लार्क यांस तो अंधुक सोबती दिसला. व्याधास किती ओढतो यावरून त्याचें वस्तुमान सूर्याएवढें ठरलें. प्रकाशावरून आकार मात्र पृथ्वीहूनहि थोडा लहान निघाला. म्हणजे सूर्याचें द्रव्य पृथ्वीच्या आकारांत कोंबलेलें! त्याची घनता पाण्याच्या वीस लक्ष पटींहून अधिक आहे. त्यांतील एक घन सेंटिमीटर द्रव्य, म्हणजे एक लहानसा फासा, दोन टनांहून जड होईल. अशा ताऱ्यांस श्वेतबटु म्हणतात. त्यांचें वस्तुमान सूर्याच्या सुमारें १.४ पटींहून अधिक असूं शकत नाहीं, हें गणित सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांनीं १९३० सालीं विलायतेस जातांना, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, बोटीवर आरंभिलें. १९३५ सालीं लंडनच्या विद्वत्सभेंत एडिंग्टनसारख्या थोर ज्योतिष्यानें त्यांचा निष्कर्ष हंसण्यावारी नेला; पण गणित खरें ठरलें, आणि १९८३ सालीं त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें.

त्याहूनहि दाट असे न्यूट्रॉन तारे आहेत. त्यांचा व्यास सुमारें २० किलोमीटर, म्हणजे एखाद्या शहराएवढा, पण वस्तुमान सूर्याहून अधिक. त्यांतील एक फासाभर द्रव्य कित्येक कोटी टन भरेल. ह्यांपैकीं नियमित स्पंद पाठविणारे तारे १९६७ सालीं केंब्रिज येथें जोसेलिन बेल ह्या विद्यार्थिनीस प्रथम आढळले. आपल्या पुणें जिल्ह्यांत नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जी प्रचंड रेडिओ दुर्बीण उभी आहे, तिच्यानेंहि अशा स्पंदताऱ्यांचा अभ्यास चालतो. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें त्या कामांत हात घालील तर आम्हांस धन्यता वाटेल.

सारांश, आकार पाहून वस्तु दिसते, वस्तुमान काढून तिचें बळ कळतें, आणि घनता काढून तिचें अंतरंग कळतें. तिन्ही मानें हातीं आल्याशिवाय कोणत्याहि गोलाविषयीं निर्णय देऊं नये.

शेवटीं विद्यार्थ्यांसाठीं दोन उदाहरणें देतों. पालकांनींहि पाटी घेऊन शेजारीं बसावें.

१. तक्त्यांतील मंगळाच्या व्यासाचा घन करा, वस्तुमानास त्यानें भागा, आणि आलेल्या उत्तरास ५.५१ नें गुणा. मंगळाची घनता किती? ती पृथ्वीपेक्षां चंद्राच्या अधिक जवळ कां, याचा विचार करा. (उत्तर सुमारें ३.९६ यावें.)

२. पृथ्वी सूर्यापासून सरासरी १४ कोटी ९६ लक्ष किलोमीटरांवर असून ३६५.२६ दिवसांत त्याभोंवतीं एक फेरी करिते. गुरूसाठीं केलेलें गणित सूर्यासाठीं करून पाहा. (उत्तर सुमारें ३,३०,००० येईल. तक्त्यांतील ३,३३,००० शीं तें कां जुळत नाहीं, हें वरील लेख लक्षपूर्वक वाचणारास आपोआप सांगतां येईल.)